शंभर टक्के वाचन

४ जुलै. सकाळ.
निश्चय: चौथीची छत्तीसच्या छत्तीस मुलं डिसेंबरपर्यंत चौथीच्या पातळीचं वाचतील. माझ्याआधीचे सर सोळा वर्षं हेच म्हणत होते म्हणे. त्यांच्याकडे मेथड नव्हती.

११ जुलै.
टेस्ट घेतली. नऊ जण वाचतात. बाकीच्यांच्या घरी पुस्तक सोडा, रद्दीसुद्धा नाही. यात माझा दोष शून्य.

२ ऑगस्ट.
मेथड सुरू. उंटाचा धडा, रोज तीनदा, सगळ्यांनी एका सुरात. शेजारच्या वर्गावरच्या बाई म्हणाल्या, एकेकाला वेगळं काहीतरी वाचायला द्या, म्हणजे पाठांतर कळेल. बाईंना प्रत्येक गोष्टीत खोट दिसते. घसा बसला.

१९ सप्टेंबर.
मधल्या बाकावरची मुलगी, कशावरही वाद घालते म्हणून मी तिला वकीलबाई म्हणतो, तिने आज अख्खा धडा खडाखडा वाचला. पान उलटायला विसरली तरी वाचन चालूच. याला म्हणतात एकाग्रता.

५ ऑक्टोबर.
हेडसरांनी ऑनलाइन तक्ता भरायला सांगितला. वाचता येतं की नाही. डिसेंबरपर्यंत येणारच आहे, मग दोनदा कशाला भरा. सगळ्यांपुढे 'येतं' टाकलं. शंभर टक्के. त्यामुळे शाळा सुटल्यावरचा जादा वाचनवर्ग बंद झाला, पण तो बाईंचाच होता.

६ ऑक्टोबर.
पालकसभा. आले आठ. वकीलबाईची आई इमारतींचे जिने पुसते, अर्धा खाडा करून आली. सांगितलं, तुमची मुलगी आता काहीही वाचते. तिने दोनदा विचारलं, काहीही? म्हटलं, काहीही. रडायलाच लागली. आमच्या घरात ही पहिलीच, म्हणाली. मलाही भरून आलं.

२३ ऑक्टोबर.
वकीलबाईची आई रस्त्यात भेटली. आता लाइटबिल, घरमालकाची नोटीस, सगळं पोरगीच वाचून दाखवते. नोटिशीत काय होतं विचारलं, तर म्हणाली, सगळं ठीक आहे असं लिहिलंय. जरा खटकलं. पण घरमालक चांगलाही असू शकतो.
वकीलबाई हल्ली वाद घालत नाही. शिस्त लागली.

९ नोव्हेंबर. मधली सुट्टी.
वकीलबाई टेबलापाशी येऊन उभी राहिली. सर, एक सांगू का, म्हणाली. मी तपासणीचे कागद लावत होतो. उद्या सांग म्हटलं. उद्या रविवार निघाला.

१४ नोव्हेंबर.
तीन दिवस वकीलबाई गैरहजर. तपासणीला येणाऱ्या साहेबांपुढे तिलाच उभं करायचं ठरवलं होतं. ऐन वेळी पंचाईत. साहेब आता सोमवारी येणार, तेवढंच नशीब.

१६ नोव्हेंबर.
आई मुलीला घेऊन वर्गात आली. आजीला खोकला होता. घरात दोन बाटल्या, एक खोकल्याची, एक गुडघ्याला चोळायची. आई कामावर जाताना पोरीला सांगून गेली, नीट वाचून दे. तिने चोळायची पाजली. आजी दवाखान्यात आहे, नाकात नळी.
आई माझ्यावर चिडलेली नाही. उलट मला मानते. तिचं म्हणणं, सरांनी सांगितलंय हिला काहीही वाचता येतं, म्हणजे हिने मुद्दाम केलं. आदल्या दिवशी आजीशी भांडली होती. पोरगी म्हणते, मला वाचताच येत नाही. तर आई म्हणते, वर खोटंही बोलायला लागली. पोरीच्या गालावर वळ होते. आई म्हणाली, सर, तुम्हीच सांगा, येतं ना हिला?
दोघी माझ्याकडे बघत होत्या. बाईही दारात येऊन थांबल्या होत्या.
येतं, म्हणालो.
सोमवारची तपासणी होऊ दे. मंगळवारपासून तिला एकटीला बसवून अक्षरांपासून सुरुवात करणार. ठरलं.

१९ नोव्हेंबर. मंगळवार.
आई एकटीच आली. पोरगी तिच्याबरोबर जिने पुसायला जाते. शाळेतून नाव काढायचा अर्ज मीच लिहून दिला, तिला लिहिता येत नाही. कारण काय घालू विचारलं. वाचायला शिकली, तेवढं पुरे, म्हणाली. तसंच लिहिलं.