आईचे ओठ हलतात

रविवार, संध्याकाळ. डोंबिवली.

दादाच्या हळदीचा जुना व्हिडिओ आज नव्या लॅपटॉपवर उघडला. चित्र आलं, आवाज नाही. मांडवात आई धवला, म्हणजे हळदीचं गाणं, गातेय आणि नुसते ओठ हलतायत! आमच्याकडे धवलारणीने गायल्याशिवाय हळद लागत नाही, आणि गावातली धवलारीण म्हणजे आईच. आता ती नाही. तिची गाणी कुणी लिहूनही घेतली नाहीत.

दादा म्हणतो, "आवाज गेला तर गेला गो. वर डीजेचं गाणं टाक, माझ्या पोरीच्या हळदीला स्क्रीनवर लावू."

आईच्या ओठांवर डीजे? जमणार नाही.

व्हिडिओ नव्या लॅपटॉपसाठी कन्व्हर्ट करताना मीच घाई केली का? केली असेल. म्हणून दादाने भंगारात काढलेला जुना कॉम्प्युटर रिक्षात घालून घरी आणला. घरघरत का होईना, चालू झाला. त्यावर तोच व्हिडिओ लावला, आणि आईचा आवाज खणखणीत आला. आवाजाचा जुना फॉरमॅट नव्या लॅपटॉपला कळत नव्हता, एवढंच! चित्रासारखा तोही बदलला. दोनदा फसलं. मग लॅपटॉपवर ओठ हलले आणि आवाजही आला.

लगेच दादाला फोन केला. "डीजेचं गाणं नको. पोरीच्या हळदीला आई गाणार आहे."