साठाने भागायचे की नव्वदने

कारखान्याची चाळ, प्रवराकाठ,
१४ फेब्रुवारी १९४६

ती. अक्का,
रंगनाथचा शिरसाष्टांग नमस्कार. आम्ही दोघं बरे आहोत. तुझा गुडघा कसा आहे? राजूरला अजून थंडी असेल. दिरांकडे पहाटे दळायला बसत असशील तर पायाखाली घोंगडीची घडी घेत जा. चांगुणाने पाठवलेल्या कुरडया पोचल्या का?

बढतीचं काय झालं, असं तू विचारलंस. सांगतो, पण आधी दुसरी गोष्ट.

आमच्या गोदामात रंगुबाई नावाची बाई पोती शिवते. तिला मुलगी झाली. बाळंतपणाच्या आठ आठवड्यांचे पैसे रोजच्या सरासरी मजुरीवर मिळतात. ही सरासरी काढायचं काम माझं. आधीच्या तीन महिन्यांत तिने साठ दिवस काम केलं, मजुरी तीस रुपये. म्हणजे दिवसाला आठ आणे. मी तसं मांडून नेलं.

मॅनेजर म्हणाले, "तीन महिन्यांचे दिवस नव्वद. नव्वदने भागा."

म्हणजे पाच आणे चार पै!

मी म्हटलं, "साहेब, पोती नसली की आपणच तिला परत पाठवतो. कायद्यातही काम केलेल्या दिवसांनीच भागायला सांगितलंय."

"हेडक्लार्क व्हायचंय ना तुम्हाला?"

अक्का, त्या क्षणी तूच डोळ्यांपुढे आलीस. दिवाळीत मी तुला शब्द दिला होता, हेडक्लार्क झालो की दोन खोल्या मिळतील, मग तुला कायमची घेऊन येईन. तू दारापर्यंत येऊन पुन्हा विचारलं होतंस, "नक्की ना रे?"

तरी माझ्याने आकडा बदलवला नाही. म्हटलं, "नव्वदने भागायचा हुकूम आपण सहीनिशी द्या, मी तसं मांडतो." त्यांनी सही केली नाही. रंगुबाईला आठ आण्यांनीच पैसे मिळाले. पोरीला पदराआड घेऊन ती म्हणाली, "बाबूसाहेब, पोतीच न्हाईत तर आमी काय शिवनार वो?"

सोमवारी हेडक्लार्कची जागा मॅनेजरांच्या भाच्याला मिळाली.

ही बातमी चार दिवस मी चांगुणालाही सांगितली नव्हती. तुझं पत्र आलं आणि मी ते वाचून न दाखवताच घडी करून खिशात घातलं, तेव्हा तिनेच माझ्याकडून सगळं काढून घेतलं. ऐकून ती म्हणाली, "अक्कांना दोन खोल्या हव्यात असं त्या कधी म्हणाल्या का? तुम्हीच म्हणताय." उठली, आणि भिंतीकडची धान्याची कोठी ओढून दाराशी लावली. आता तिथे एक अंथरूण पडेल एवढी जागा आहे. अडचण होईल, खोटं सांगत नाही. रात्री तू पाय पसरलास तर माझ्या डोक्याला लागेल.

रागावायचं असेल तर इथे येऊन रागाव. येत्या रविवारी मी राजूरला येतोय, दिरांशी मीच बोलेन. तू फक्त लुगडी बांधून ठेव.

तुला न्यायला निघालेला,
तुझा रंगनाथ