गाण्याआधीची कविता

लेस्टर,
१८ एप्रिल १९९३

प्रिय आशा,

तुझं पत्र येऊन महिना झाला आणि माझा हात काही कागदाला लागला नाही. त्याबद्दल काय रागवायचं ते आधी रागावून घे, मग पुढे वाच. आमच्या तब्येती छान आहेत. शशिधर रिटायर झाल्यापासून हॉस्पिटलचं नावसुद्धा काढत नाही. दिवसभर अलॉटमेंटवर असतो, म्हणजे कौन्सिलने भाजी लावायला दिलेल्या त्या तुकड्यावर, आणि चिखलाचे बूट घालून थेट किचनमध्ये येतो. आमची सुलक्षणा टोरांटोत मजेत आहे. मी अजून आठवड्यातून तीन सकाळी सर्जरीत रिसेप्शनला बसते. तू इथे आली होतीस तेव्हा ‘सर्जरीत बसते’ ऐकून केवढी दचकली होतीस! साध्या दवाखान्याला हे लोक सर्जरी म्हणतात हे तुला शेवटपर्यंत पटलं नाही.

यंदाचा सगळा हिवाळा मात्र माझा गाण्यात गेला. आमच्याकडे मिस पेल म्हणून एक पेशंट येतात, शाळेत संगीत शिकवायच्या. त्यांनी ऑक्टोबरात आमच्या नोटिसबोर्डावर एक पोस्टर लावलं. जवळच्या चर्चच्या हॉलमध्ये ऑक्टोबर ते मार्च, महिन्यातून एक शुक्रवार, फक्त इंग्लिश गाणी. म्हणजे इथल्याच कवींच्या कविता, इथल्याच लोकांनी लावलेल्या चाली, एक गायक आणि पियानोवर स्वतः मिस पेल. प्रत्येक गाण्याआधी ती कविता एकाने नुसती वाचून दाखवायची. त्यांनी मला दोन तिकिटं दिली, नाही म्हणवेना, म्हणून गेलो.

पहिल्या दिवशी मला काही कळलंच नाही गं. आपल्याकडे तंबोरे जुळेपर्यंत यांची तीन गाणी होऊन जातात! एक ओळ आवडली, आता परत येईल म्हणून सावरून बसावं, तर गाणं संपलेलं. शशिधर तर दुसऱ्या गाण्यालाच पेंगला. पण पुढच्या वेळी काय झालं, गायकाने, ओवेन नावाचा तिशीतला वेल्सचा माणूस आहे, एका शब्दावर आवाज असा काही हलकेच खाली आणला की माझ्या तोंडून चक्क ‘वा!’ निघून गेलं. मोठ्यांदा. सगळ्या पांढऱ्या माना गर्रकन माझ्याकडे वळल्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. इंटरव्हलमध्ये ओवेन चहाचा कप घेऊन शोधत आला आणि म्हणाला, “ते तुम्हीच ना? प्लीज, पुन्हा वाटलं तर पुन्हा म्हणा. इथे शेवटच्या टाळीपर्यंत मला कुणी काही कळूच देत नाही.”

डिसेंबरच्या शुक्रवारी बर्फ पडला. कविता वाचणारे मिस्टर व्हिटलॉक डर्बीहून यायचे, त्यांचा फोन आला की गाडी निघत नाही. लोक येऊन बसलेले. मिस पेल हातात कागद घेऊन तडक माझ्या खुर्चीपाशी आल्या. मी म्हटलं, मी नाही, माझं इंग्लिश हे असलं, मला तुमचे दोन ‘व’सुद्धा वेगळे काढता येत नाहीत. त्या म्हणाल्या, “मिसेस दीक्षित, या हॉलमधल्या निम्म्या लोकांना तुम्ही वर्षानुवर्षं नावाने हाक मारून डॉक्टरांकडे आत पाठवताय. तुमचा आवाज ऐकला की आम्ही उठून उभे राहतो. फक्त सावकाश वाचा.” शशिधरने माझी पर्स स्वतःच्या मांडीवर घेतली. म्हणजे त्याचाही निर्णय झालेला होता.

आशा, कॉलेजात वक्तृत्वाचे कप तू घ्यायचीस आणि मी विंगेत तुझी शाल सांभाळत उभी असायचे. त्या विंगेतून मी बाहेर पडले ती अठ्ठावन्नाव्या वर्षी, लेस्टरमध्ये, हातात परकी कविता घेऊन. पहिल्या कवितेत दोनदा अडखळले. दुसरी एका तरुण शिपायाची होती. गवत कापायच्या दिवसांत घरी येतो असं तो आईला सांगून जातो. कविता एवढीच, पुढे नुसतं गवत वाढत राहतं. ‘आईला म्हणाला’ या शब्दांपाशी मला पुढचं वाचवेना. विसरले नव्हते. मी इकडे यायला निघाले तेव्हा एअरपोर्टवर माझी आई उभी होती ना, निळ्या साडीत, तू तिचा हात धरलेलास, ती आठवली. मी थांबले, श्वास घेतला आणि मग पुढे वाचलं. नंतर ओवेनने तेच गाणं म्हटलं आणि नेमका त्याच जागी थांबला. चालीत तिथे थांबा नाही, हे मिस पेलनी मागाहून सांगितलं. त्यांची बोटं पियानोवर वरच्या वर थांबली होती म्हणे. मी खाली येऊन बसले तर शशिधर टक्क जागा.

जानेवारीत मिस्टर व्हिटलॉक स्वतःच म्हणाले की अर्ध्या कविता मिसेस दीक्षितांकडे द्या. दर रविवारी मिस पेलच्या घरी आम्ही तयारी करतो. त्या मला ओठ कुठे मिटायचे ते दाखवतात, मी त्यांना आपला चहा करून देते, मग कवितेवरून भांडतो. सर्जरीत आता पेशंट स्वतःचं दुखणं सांगायच्या आधी पुढच्या कार्यक्रमात काय आहे ते विचारतात.

मार्चमधला शेवटचा कार्यक्रम झाल्यावर खुर्च्या आवरताना मिस पेलनी सहज विचारलं, “ऑक्टोबरपासून पुन्हा, हो ना?” मी हो म्हणून टाकलं. घरी चालत निघालो. पोस्टाच्या पेटीपर्यंत आलो. मग शशिधर म्हणाला, “ऑक्टोबरात आपण कायमचे पुण्यात असणार होतो ना?” मी म्हटलं, हो. थोडं चालून तो म्हणाला, “मी गेल्या आठवड्यात अ‍ॅस्पॅरॅगस लावलाय.” त्या भाजीचं मध्येच काय, मला काही कळेना. मग हळूच म्हणाला, “तो पहिली दोन वर्षं कापायचा नसतो, वैजू. तिसऱ्या वर्षी खायला मिळतो.” आणि आम्ही दोघं भर फुटपाथवर इतके हसलो की समोरच्या बाईंनी पडदा बाजूला करून पाहिलं.

म्हणून हे पत्र. कोथरूडचे शेजारशेजारचे दोन फ्लॅट आपण घेतले, म्हातारपणी मधली भिंत फोडून दार करायचं ठरवलं, आणि ते दार आता करून घेऊ का हे तू महिन्यापूर्वी विचारलंस. नको करूस गं. आम्ही कायमचे येत नाही. येऊ, दर मे महिन्यात, सीझन संपला की, तुझ्या शिव्या खात उकाड्यात राहू. तुझा उदय आणि त्याची बायको भाड्याची जागा शोधतायत असं तू लिहिलंयस, त्यांना आमचा फ्लॅट उघडून दे. तुझ्या माधवरावांना तूच समजावून सांग, माझं धाडस नाही. हे पत्र मी याआधी लिहून लिहून फाडलं. एकात शशिधरच्या गुडघ्यांचं कारण दिलं होतं, एकात टोरांटो इथून जवळ पडतं असं लिहिलं होतं. सगळं खोटं. मी इथे सुखात आहे, आशा, एवढंच कारण आहे. आणि ते तुला पहिल्यांदा सांगायचं होतं.

तुझीच,
वैजयंती