वसंतचे शब्द आणि टॅबची कळ

१२ जानेवारी १९९८

स्पीच थेरपीच्या बाई पुन्हा चित्रांचा तक्ता घेऊन आल्या. ग्लास, पलंग, संडास, हसरा चेहरा. बंगळूरला, पीण्याच्या कारखान्यांत जन्मभर मशीनं डिझाइन केलेल्या माणसाला म्हणे, हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवा. वसंतने डाव्या हाताने तक्ता पालथा घातला. बाईंना मी चहासुद्धा विचारला नाही.

स्ट्रोकने वाचा गेली, उजवा हात गेला. डोकं शाबूत आहे. डॉक्टर हे मान्य करतात आणि तरी त्याच्याशी बोलताना आवाज चढवतात, जणू नवरा माझा बहिरा झालाय.

डावा हात चालतो. त्याच्यापुढे कीबोर्ड ठेवून बघावा.

१५ जाने.

घरच्या कॉम्प्युटरवर टीसी-शेल चढवला, आज्ञा टाइप करून मशीन चालवायचा प्रोग्रॅम. या शेलला शिकवता येतं: अमुक आज्ञेपुढे कोणते शब्द येऊ शकतात, त्या शब्दापुढे कोणते. एक अक्षर लिहून टॅब दाबायचा, उरलेलं शेल लिहितो. ऑफिसात फाइलींच्या नावांसाठी वापरायचो. नवऱ्यासाठी वापरायला कोणाची परवानगी लागते?

'बोल' नावाचा छोटा प्रोग्रॅम केला. त्याच्यापुढे लिहिलेलं मोठ्या अक्षरांत दिसतं. मराठीच, फक्त लिपी रोमन. हो, नको, पाणी, दुखतंय. 'मला'पुढे चहा, झोप, पेपर. 'नको'पुढे साखर, औषध, पाहुणे.

टाइप करताना एक कंस राहिला होता, तो शोधण्यात सकाळ गेली.

१७ जाने.

पहिलं वाक्य: मला पेपर. दिला. वाचला, निदान उघडा धरून बसला.

मग: नको साखर. जयम्मा, दिवसाची बाई, चहाचा पाक करते. वसंत तिचा 'सार', मी 'अम्मा'. म्हणाली, "अय्यो, सारना साखर नको? मग इतके दिवस सांगितलं का नाही?"

"वाचा नव्हती, जयम्मा."

"सरी, सरी, बरं."

वसंत हसला. अर्धाच चेहरा हसतो. मी आत जाऊन कांदा चिरायला घेतला, म्हणजे कोणी काही विचारणार नाही.

२३ जाने.

निखिल आला, न्यू जर्सीहून. बॅग उघडायच्या आत विषय काढला. शहराबाहेर बोम्मसंद्र्याजवळ एक केंद्र आहे, नर्सेस, व्यायाम, बाग. बाबांना तिथे ठेवू.

"आई, परवा त्यांना उठवताना तू पडलीस. जयम्मानं सांगितलं."

जयम्माला बोलायला टॅब लागत नाही.

म्हटलं, बाबांनाच विचार. जेवणाआधी लागतील ते शब्द घालून ठेवले.

२४ जाने.

विचारलं. वसंतने 'मला' आणलं. मग जी, टॅब: घरीच. परत टॅब: राहायचंय. पडद्यावर एवढ्या मोठ्या अक्षरांत. मला घरीच राहायचंय.

मी पुऱ्या तळल्या. पाठीत कळा येत होत्या, तरी तळल्या.

२५ जाने.

निखिलने माझी शब्दांची फाइल उघडली. सॉफ्टवेअरवाला, उघडणारच.

"'मला'पुढे 'घरीच' आहे. 'तिकडे' कुठाय?"

"तो कशाला जातोय तिकडे?"

"आणि 'घरीच'पुढे एकच शब्द. एकच असला की टॅब तोच लिहिणार, आई. हे बाबा नाही बोलले. तू बोललीस."

"चुका काढायला विमानानं कशाला आलास? फोनवर काढायच्या."

वसंत शेजारच्या खुर्चीत. सगळं ऐकलं त्याने. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

२६ जाने.

'तिकडे' घातला, त्यापुढे 'जायचंय'. 'घरीच'पुढे 'राहायचंय' आणि 'नको', दोन्ही. निखिलला ओळ मोठ्याने वाचून दाखवली, कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरसमोर वाचायचो तशी, ताठ उभं राहून.

पुन्हा विचारलं. वसंतने 'मला' लिहिलं, टॅब दाबला. सगळे शब्द खाली आले, 'घरीच'ही, 'तिकडे'ही. बघत राहिला. मग हात उचलून मांडीवर ठेवला.

"बाबा, वेळ घ्या," निखिल म्हणाला. बाप धडधाकट होता तेव्हा अरेतुरे करायचा. आजारी बापाला अहोजाहो.

३० जाने.

निखिल गेला. केंद्रवाले पंधरा तारखेपर्यंत जागा धरून ठेवतील.

वसंत आता 'मला' लिहीतच नाही. हो. नको. पाणी. बास. मी विचारते, तो खिडकीकडे बघतो. त्याला जायचंय आणि मला वाईट वाटेल म्हणून की

नाही लिहवत.

३ फेब्रु.

दुपारी त्याने स्वतःहून कीबोर्डकडे बोट केलं. खुर्ची नेली.

मला. स्पेस. टी.

'टी'ने एकच शब्द आहे, 'तिकडे'. टॅब दाबला की संपलं. मी जयम्माच्या खांद्याला धरून उभी. त्याने टॅब दाबला नाही. शोधून शोधून यू. एल. ए.

मला तुला

मग टॅब. नुसता बीप. 'तुला' मी कुठे घातलाच नव्हता. पुन्हा टॅब, पुन्हा बीप.

"काय, वसंत? मला तुला काय?"

कीबोर्डभर बोट फिरवलं, कुठेच टेकलं नाही. मग मान खाली गेली. जयम्मा म्हणाली, "अम्मा, सार स्वल्प झोपू दे." दोघींनी पलंगावर घेतलं.

फाइल उघडली. 'तुला'पुढे घातले: सांगायचंय. विचारायचंय. सोडायचं नाही. त्रास द्यायचा नाही. वाचून बघितले. सगळे माझेच. एकेक करून पुसले.

त्याची ओळ तशीच आहे, पुढे कर्सर लुकलुकतोय. जयम्मा मशीन बंद करायला निघाली होती, तिला हात लावू दिला नाही. तो उठला की खुर्ची पुन्हा तिथे नेईन.