गवताचं पाणी

५ एप्रिल २००४
पहिलाच दिवस, पहिलीच ठिणगी! गोल्फची मोठी स्पर्धा, आणि मी तिची पर्यावरण अधिकारी. आयोजक हिंमतराव म्हणाले, "चैताली मॅडम, स्पर्धा हिरवी दिसली पाहिजे." म्हटलं, नुसती दिसायला नको, असली पाहिजे. हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला.

७ एप्रिल
मी तीन गोष्टी मागितल्या. प्लास्टिकच्या बाटल्या बंद, तणनाशकाची फवारणी बंद, गवताला शुद्ध केलेलं सांडपाणी. बाटल्या मान्य! फवारणी "कमी करू". सांडपाणी? "अहो, परदेशी पाहुणे येतायत. वास आला तर?" पाहुण्यांच्या नाकावर शहराचं पाणी ठरतं तर.

९ एप्रिल
आज गेटवर टँकरची रांग पाहिली. सगळं पिण्याचं पाणी — गवतासाठी! भिंतीपलीकडे वस्ती आहे. तिथल्या मुक्ताबाई रिकामी कळशी घेऊन उभ्या होत्या. "आमचा नळ कोरडा हाय बाई, अन् तुमचं गवत रोज अंघोळ करतंय." तुमचं! मला फार लागलं. ओळखपत्र गळ्यात होतं ना माझ्या.

१० एप्रिल
हिंमतरावांना सांगितलं. "स्पर्धा झाल्यावर बघू." म्हणजे पाणी संपल्यावर.

१४ एप्रिल
जयंती. आमच्या खडकीच्या क्वार्टर्समध्ये सकाळपासून लगबग, निळे झेंडे, खीर. बाबांना टँकरचं सगळं सांगितलं. फॅक्टरीत आयुष्य गेलं त्यांचं, जपून बोलतात. आज मात्र म्हणाले, "चवदार तळ्यावर माझे आजोबा गेले होते. पाणी कोणाचं, हा प्रश्न आपल्या घरात नवा नाही." आई म्हणाली, "नोकरी जाईल हो तिची." बाबांनी खिरीची वाटी माझ्याकडे सरकवली.

१६ एप्रिल
केलं!
सकाळी टँकरसमोर उभी राहिले. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. मी हलले नाही. मग मुक्ताबाई आल्या, मागोमाग वस्तीतल्या बायका, हंडे-कळश्यांसकट. ड्रायव्हर वैतागला — "मला कुठंतरी रिकामा करायचाच हाय, बोला कुठं!" मुक्ताबाईंनी वस्तीकडे बोट दाखवलं. टँकर वळला!
हिंमतराव धावत आले. "तुम्ही कोणाच्या बाजूने आहात?" म्हटलं, पाण्याच्या. "मग उद्यापासून येऊ नका." ओळखपत्र त्यांच्या हातात ठेवलं. माफी? मुळीच नाही.

१८ एप्रिल
आई बोलत नाही. बायका अजून गेटवर बसून आहेत. मीही जाते, आता बिनओळखपत्राची. टँकरवाले आता मैदानाकडे फिरकत नाहीत.

२२ एप्रिल
स्पर्धा सुरू. घरी टीव्हीवर पाहिली. मैदान पिवळं पडलंय! मैदानातल्या विहिरीचं थोडं पाणी होतं, ते फक्त चेंडूच्या खळीतल्या झेंड्याभोवतीच्या गवताला. एक परदेशी खेळाडू म्हणाला, कोरड्या जमिनीवर चेंडू मस्त पळतो, मजा येतेय. पाहुण्यांची कसलीच तक्रार नाही.

२६ एप्रिल
काल बक्षीस समारंभात हिंमतराव माइकवर म्हणाले, "पाणी वाचवायला आम्ही मैदान मुद्दाम सुकू दिलं. यापुढे पिण्याचा एक थेंबही गवताला नाही." मुद्दाम!
आज त्यांना फोन केला. "सगळ्या शहरासमोर बोललात, साहेब. दरवर्षी या शब्दाची आठवण करून देणार मी तुम्हाला."
मग — "ते सांडपाण्याचं काय म्हणत होतात? उद्या या."