वीतभर आखूड कोट

हडर्सफील्ड,
१४ जानेवारी १९१७

चि. एनॉक यास लेटीताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आशीर्वाद लिहिले ते आईने वळण लावलं म्हणून. मनात दुसरंच आहे.

क्लिफर्डचं छावणीतून पत्र आलं. दोन वर्षं शिपाई म्हणून चिखलात काढून माझा मुलगा अफसर झाला. गिरणीतल्या पोराला असा मान मिळाला म्हणून अख्खी गल्ली माझ्या दारात लोटली होती. आणि तू? यॉर्कमधला नावाजलेला लष्करी शिंपी, सख्खा मामा! काय शिवून दिलंस त्याला? शिपायाचा ग्रेटकोट! जाडंभरडं कापड, पोटरीपर्यंत घोळ, बटणांची एकच रांग. मी स्पष्ट लिहिलं होतं, अफसरांचा ‘वॉर्म’ शीव म्हणून. गुडघ्याशी संपणारा, फिकट मऊ लोकरीचा, चामडी बटणांच्या दोन रांगांचा. तो नाही तर निदान पट्ट्याचा ट्रेंचकोट तरी!

मेसमध्ये एका कॅप्टनने त्याला विचारलं म्हणे, कंडक्टर, ट्रॅम कुठे उभी केलीस? सगळे हसले. पोर ताटातलं मटण तसंच टाकून उठलं.

तुझ्या अँब्रोजला मात्र पहिल्याच दिवशी कसा झोकदार वॉर्म चढवला होतास! गेलेल्या लेकराचं नाव रागात घेऊ नये, पण घेतलं. भाच्याच्या वेळीच तुझी कात्री बोथट झाली का?

लोभ आहे, पण आज तो शोधावा लागतोय.

तुझी,
लेटी

यॉर्क,
१७ जानेवारी

ती. लेटीताईस एनॉकचा सा. न.

उभ्याने वाचू नकोस. बस.

होय, मुद्दाम शिवला. खांद्यावरचा अफसरीचा ताराही मातकट दोऱ्याने काढला, मुद्दाम. तीस वर्षं लष्करी कोटच शिवतोय मी. कुठला कोट कुणाचा हे तू मला शिकवू नकोस.

अँब्रोजचा सार्जंट नोव्हेंबरात दुकानात आला होता. तारेत लिहिलं होतं तोफगोळ्याने गेला. तसं नव्हतं. खंदकात सगळे लांब कोट, त्यात एकच आखूड, फिकट. पलीकडच्या बंदूकवाल्याला अफसर शोधावा लागलाच नाही, असं तो म्हणाला. ट्रेंचकोटाचंही तेच, दुरून पट्टा दिसला की झालं.

आणि तो आखूड कोट मी कापला होता, ताई. याच टेबलावर. ऐट दिसावी म्हणून घोळ आणखी बोटभर वर घेतला होता. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. घरात मेबल अजून त्या कोटाचं कौतुक करते आणि मी ऐकून घेतो.

हसू देत तुझ्या मुलाला. हसण्याने कुणी मरत नाही. आता रागावायचं असेल तर खुशाल रागाव.

एनॉक

फ्रान्स,
२५ फेब्रुवारी

ती. एनॉकमामांस क्लिफर्डचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आईने तीन आठवडे स्वतःजवळ ठेवलं आणि मग मला पाठवलं. ते काल मिळालं. तुम्हा दोघांवर मी किती चिडलो आहे ते कागदावर मावणार नाही.

तुमचा कोट मी ट्रंकेच्या तळाशी कोंबला होता, मामा. इकडे येताना लंडनमध्ये तयार वॉर्म घेतला आणि नऊ दिवस तो घालून पुढच्या खंदकात उभा राहिलो. सार्जंट हार्टलीने पहिल्याच सकाळी सांगितलं होतं की साहेब, हा कोट मेसमध्ये शोभतो, इथे नको. मला वाटलं, हाही हसतोय.

नवव्या दिवशी गोळी आली. मी नकाशा उचलायला वाकलो होतो. मागे माझ्या तुकडीतला टिंडल होता, एकोणीस वर्षांचा. त्याचा जबडा गेला. जिवंत आहे. ती गोळी कुणासाठी होती हे खंदकात प्रत्येकाला ठाऊक आहे.

कोटाच्या खिशात एक ओळ लिहून ठेवली असतीत तर? मी काय लहान होतो? स्वतःची लाज झाकायला तुम्ही गप्प बसलात आणि आई माझ्या मानासाठी.

आता तुमचाच कोट घालतो. भिजला की अंगावर मेंढी घेतल्यासारखा जड होतो. मामींना सांगा. त्यांना कळायला हवं.

क्लिफर्ड

हडर्सफील्ड,
९ मार्च

चि. एनॉक यास अ. आ.

क्लिफर्डने मलाही तसंच लिहिलं. तुझं पत्र मी तीन आठवडे पिठाच्या डब्यामागे ठेवलं, कारण पोर ऐटीत आहे तर राहू दे, असं मला वाटलं. हे खरं आहे आणि ते मी तुझ्याजवळच कबूल करते.

काल बाजारात गेले. तिथल्या शिंप्याच्या काचेत तोच आखूड, फिकट कोट टांगलेला, खाली पाटी, तरुण अफसरांसाठी. माझं डोकं फिरलं. आत शिरले. एक बाई मुलासाठी कोट पसंत करत होती. तिला मी सगळं सांगितलं; अँब्रोजचं, टिंडलचं, मोठमोठ्याने. मालकाने मला दंडाला धरून बाहेर काढलं. मी त्याला कसाई म्हटलं.

फुटपाथवर उभी होते तेवढ्यात ती बाई बाहेर आली. हातात पुडकं होतंच. नजर चुकवून म्हणाली, मुलाचं नवीनच आहे हो, चारचौघांत त्याचं हसं व्हायला नको.

मी तिच्या अंगावर धावून जाणार होते. पाय उचललाच नाही. तिला वाट करून दिली.

राग धर, पण पत्र पाठव.

लेटी