हनुवटीचा पट्टा

३ जानेवारी १९७८

सांगलीत विश्रामबागेतल्या डॉक्टरांनी शेवटी सांगितलं! ह्यांचा घसा झोपेत मिटतो, श्वास अडतो. म्हणून दिवसा स्टिअरिंगवर डुलक्या. खात्रीचा उपाय एकच — गळ्याला भोक. दिवसा बूच लावायचं, झोपताना काढायचं. हे तडक उठले. "मी काय बाटली हाय व्हय?" मला हसू आलं, मग रडू. डॉक्टर म्हणाले, तोवर कुशीवर झोपवा, हनुवटी बांधून बघा. पण फार भरवसा ठेवू नका.

४ जानेवारी

जुन्या धोतराची पट्टी फाडून हनुवटीखालून घेतली, डोक्यावर गाठ मारली. सासूबाईंनी बघितलं आणि किंचाळल्याच! "अगं, मढ्याचं त्वांड बांधत्यात असं! जित्या नवऱ्याला?" पट्टी ओढून चुलीत घातली. माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

६ जानेवारी

काल रात्री पट्टीऐवजी इलॅस्टिक. सकाळी गालावर वळ! शेजारच्या सुलाबाई म्हणतात, "मास्तरीणबाई, दाजींस्नी मारलं का काय?"

७ जानेवारी

ह्यांनीच ट्रंक उघडून पलटणीत शिपाई होते तेव्हाच्या टोपीचा जुना पट्टा काढला. बरोबर बसला. "ह्यो आपला हाय." सासूबाईंनीही हा चुलीत घातला नाही.

९ जानेवारी

तोंड मिटलेलं, श्वास तरी अडतोच! छाती हलते, आत काही जात नाही. मी गदागदा हलवते तेव्हा कुठे ओढतात. आणि सकाळी म्हणे, "लय ब्येस वाटतंय." वाटणारच — पट्टा आवडलाय! भोकाचं नाव काढलं की ताटावरून उठतात. याच पेंगुळल्या डोळ्यांनी गुळाचा ट्रक सांगलीच्या पेठेत नेतात. मालकाला सांगावं, तर नोकरी जाईल. न सांगावं, तर? भयंकर राग येतो ह्यांचा. तरी निघाले की ट्रक वळेपर्यंत दारात उभी राहते.

१० जानेवारी

आज ह्यांचा डबा सासूबाईंच्या हातून दिला.

१२ जानेवारी

हे चालत घरी आले. ट्रक मालकाच्या दारात, किल्ली त्याच्या हातात.

"जाग आली तवा म्होरं उसाची गाडी. गाडीवान उडी टाकून वाचला. एक बैल जागीच गेला."

पाणीसुद्धा घेतलं नाही. मग म्हणाले, "उद्या सांगलीला जाऊ. पाडू देत भोक."

मी "बरं" म्हटलं. इतके दिवस मी याच्यासाठीच भांडत होते. आता मलाच भीती वाटतेय.